खिंडीतल्या निळ्या फुलावरची दुसरी चिठ्ठी

डॉ. रत्नमाला मेश्राम यांच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या ग्रंथात प्रथम माझी तक्रार नोंदवून घ्यावी. आमच्या महाविद्यालयाच्या वाचनालयातला पेपर मला वर्षानुवर्षे पुरता वाचायला मिळाला नाही. शब्दकोड्याचे दोन आडवे शब्द उरलेले असत आणि पानच गायब! शिपाई गणपतराव शांतपणे सांगत, "मॅडमनं नेला जी. फुलं दाबून राहिल्या त्याच्यात." झाडे वर्तमानपत्रात दाबून वाळवायची आणि ओल शोषली की कागद बदलायचे, ही वनस्पतिशास्त्राची रीत. अलंकारशास्त्रावरचा माझा एक लेख मला असाच एका हिमालयीन फुलाखाली सापडला. त्या लेखाचा दुसऱ्या कोणाला इतका उपयोग झाल्याचे ऐकिवात नाही.

मेश्राम मॅडमशी ओळख झाली तेव्हा मी संस्कृतचा नवा अधिव्याख्याता होतो. मॅडमनी दारातूनच विचारले, "संस्कृत येतं ना? मग लॅटिनही जमेल." त्या काळी नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये दिल्याशिवाय तिचे नाव ग्राह्य धरत नसत. मॅडमनी हिमालयातल्या एका उंच खिंडीतून बोटाच्या पेराएवढे, निळ्या फुलाचे झाड आणले होते. जेन्शियाना या प्रजातीतली ही नवी जाती, अशी त्यांची खात्री होती. मी महिनाभर कोश चाळून पाकळ्यांना विशेषणे लावली. मॅडमचा शोधनिबंध छापायला स्वीकारला गेला. प्राचार्यांनी गांधीबागेच्या बाजारातून सत्कारासाठी शालही आणवली.

आणि मॅडमनी निबंध परत मागवला! खालच्या उतारावरचे जुने नमुने त्यांनी पुन्हा तपासले होते. खाली वीतभर वाढणारे तेच झाड वर थंडीवाऱ्यात खुरटते, एवढाच फरक. बिया अगदी सारख्या. नमुन्याच्या कागदावर, स्वतः दिलेल्या नावाच्या वर, त्यांनी आधीपासून रूढ असलेल्या नावाची चिठ्ठी चिकटवली. गणपतराव डिंकाची बाटली धरून उभे होते.

"काहून जी मॅडम? कोणाले समजणार होतं?"

"मले समजलं ना, गणपतराव."

"मंग खालचं नाव तरी फाडून टाका."

"नाही. चूक दिसू द्या. पुढच्याला कळलं पाहिजे, इथं पाय घसरतो."

मी हळूच विचारले, "आणि माझं लॅटिन?"

"उत्तम होतं हो. फूलच चुकलं."

शाल कपाटात गेली. मॅडम पुढच्या तासाला वर्गावर गेल्या.

माझी आई रुग्णालयात होती तेव्हा मॅडम रोज दुपारी तिच्याजवळ बसत. औषधांबद्दल अवाक्षर नाही. एखादे फूल उघडून आत काय असते ते दाखवत. आई डॉक्टरांची नव्हे, मॅडमची वाट पाहू लागली. हे ऋण मी कुठल्या भाषेत मांडू, मला अजून सुचलेले नाही.

मॅडमना उदंड आयुष्य लाभो, गुडघे चढणीला साथ देवोत आणि विद्यार्थ्यांवर रागावण्याइतका दम राहो.

गेल्या महिन्यात त्यांनी भिंग माझ्या हाती दिले. "या बीला कडेनं पातळ पंख आहे का, बघा. मला दिसत नाही." मी बराच वेळ पाहिले. अशा बारीक खुणेवरच झाडाचे नाव ठरते, पण मलाही सांगता येईना. कपाटात हिमालयातल्या वाळवलेल्या झाडांचा एक गठ्ठा अजून बिननावाचा पडून आहे. मॅडमची नजर मंदावते आहे आणि त्यांच्याकडे हे शिकायला कोणी येत नाही. मला खरी भीती याचीच वाटते.