मांत्रिकाची दहा मिनिटं

मंगळवार, ४ मार्च १९९७. नळाला पाणी कमी दाबानं. दुपारी परवीनचा फोन. पाहुणे: धायरीचे मच्छिंद्र. दोन कप चहा झाला.

एवढंच लिहून अख्तरबानूंनी पेनला टोपण लावलं. एरवी त्या पानभर लिहीत. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलेली ही सवय पंचावन्न वर्षांत एकदाही मोडली नव्हती, पती अय्युबसाहेब गेले त्या दिवशीसुद्धा.

धायरीत तीन पिढ्यांनी हा मच्छिंद्र पाहिलेला, आणि तिन्ही पिढ्यांनी त्याच वयाचा. उद्या काय घडणार ते वेळेसकट सांगणारा मांत्रिक. पानशेतच्या पुराच्या दिवशी तो पुण्यात कसब्यातल्या अख्तरबानूंच्या गल्लीत दारोदार फिरून लोकांना उंचावर जायला सांगत होता. आज पस्तीस-छत्तीस वर्षांनी दारात उभा राहिला, तर मिशीत एक पांढरा केस नाही.

चहा बशीत ओतून घेत त्यानं सांगितलं की मंत्रबिंत काही नाही. तो पुढच्या काळातला माणूस. तिथं अख्तरबानूंच्या डायऱ्या जपून ठेवल्यात. त्या वाचायच्या आणि मागच्या काळात यायचं, एवढीच त्याची विद्या.

अख्तरबानू असल्या थापांना भुलणाऱ्या नव्हत्या.

"मग पुराची वेळ कशी चुकली तुमची? पाणी तुमच्या वेळेआधी दहा मिनिटं शिरलं. माझं शिलाई मशीन गेलं त्यात."

"तुमच्या डायरीत तीच येळ हाय, बाई. मी वाचली तशी सांगितली."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आपल्या शाळेला उशीर नको म्हणून अय्युबसाहेब ते दहा मिनिटं पुढं ठेवत. ते गेल्यावरही अख्तरबानूंनी तसंच ठेवलं होतं, डायरीतल्या वेळाही त्यावरूनच लिहिल्या होत्या, आणि घराबाहेर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माणूस खरं बोलत होता.

चपला घालताना तो घुटमळला. "आजच्या पानानंतर वही कोरी हाय. का, ते मलाबी ठावं नाय. म्हनून एकदा भेटून जावं म्हनलं."

बुधवार काही सरेना. त्यांनी स्वच्छ चादर घातली, मग उगाच बदलली. जिना उतरल्या नाहीत. गॅस दोनदा बंद करून पाहिला. लेकीला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा कपाटाची किल्ली कुठं असते ते सांगितलं.

"अम्मी, ती कपाटालाच लटकलेली असते," परवीन म्हणाली. "तब्येत बरी आहे ना तुझी?"

तेच तर त्यांना कळत नव्हतं. छातीत धडधडत होतं, पण ते सकाळपासूनच.

ऊन गच्चीवरून उतरलं, मगरिबची अजान झाली. त्यांनी नमाज आटोपली, स्टूल ओढून भिंतीशी नेलं, कठड्यासारखा खिडकीचा गज धरून स्टुलावर चढल्या आणि काम उरकून सावकाश उतरल्या. मग वही उघडली. पान कोरंच होतं. निब टेकवली तेव्हा शाईचा एक ठिपका पडला. त्यांनी तो टिपला नाही, त्याच्या पुढूनच लिहायला घेतलं.

बुधवार, ५ मार्च. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे घेतलं. यापुढच्या वेळा बरोबर. दूध अर्धा लिटर, सायंकाळी नासलं.