नांदेडचा फोन माझा नाही

महामाया सोनकांबळे चाकूरच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळते. कचेरीचं नाव लिहीत नाही. तिचं लिहितो, कारण तिनंच सांगितलं, लिहा म्हणून. नवरा तिथंच शिपाई होता. तो गेला आणि अनुकंपावर ती लागली, त्याला सोळा वर्षं झाली. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरला चढवायचा. तिच्या हाताखालून कागद हरवला असं अजून कुणी म्हटलेलं नाही. पुढं साहेबलोकांच्या टेबलावर जाऊन हरवतो, ती गोष्ट वेगळी.

कचेरीत ईमेल आला तेव्हा आठ जणांना आठ खाती मिळाली. महिन्याभरात सात जण पासवर्ड विसरले. महामाया टपाल फोडायची तसा रोज मेल उघडायची, म्हणून तिचंच खातं तेवढं जिवंत राहिलं. मग सगळी कचेरी तिच्या खात्यावर. पासवर्ड तिच्या खुर्चीमागच्या कॅलेंडरवर पेनानं लिहिलेला. वर्ष बदललं की नव्या कॅलेंडरवर उतरवायचा. कुणाला काही वावगं वाटलं नाही. रजिस्टर एक, शिक्का एक, तसा मेल एक.

गेल्या बुधवारी लातूरहून आरती मॅडम आल्या, नवे नियम समजावायला. सोमवारपासून ज्याचं खातं त्यानंच वापरायचं. उघडताना स्वतःच्या मोबाईलवर नंबर येईल, तो टाकायचा. नोंद केलेल्या कॉम्प्युटरशिवाय मेल उघडणार नाही, पेन ड्राइव्ह चालणार नाही. पासवर्ड कुणालाच सांगायचा नाही.

"बायकोला बी न्हाई का?" मोठे बाबू शेषेराव म्हणाले.

"तिला आधीच माहीत असणार," मॅडम म्हणाल्या.

सगळे हसले. महामाया हसली नाही. ती मनातल्या मनात कॅलेंडर फाडत होती.

मग मॅडम एकेकाच्या टेबलाशी गेल्या. खातं कुठंकुठं उघडं आहे त्याची यादी पडद्यावर दिसते, ती दाखवू लागल्या. महामायेच्या यादीत चार ओळी निघाल्या. तीन कचेरीतले कॉम्प्युटर. चौथी ओळ: मोबाईल, नांदेड, काल सायंकाळी सहा चाळीस.

"हा फोन तुमचा का?"

महामाया वर्षभरात नांदेडला गेलेली नाही. पण मॅडम बघत होत्या, मागं साहेब उभे होते, आणि तोंडातून निघून गेलं, "हाव."

मॅडमनी एक छापील फॉर्म पुढं ठेवला. 'वरील सर्व उपकरणे माझी आहेत. हे खाते आजपर्यंत मी एकटीनेच वापरले आहे.' खाली सही. शुक्रवारपर्यंत द्यायचा.

मी गावात लोकांचे अर्ज भरून देतो, म्हणून गुरुवारी सकाळी ती माझ्याकडं आली.

"भाऊ, जुने साहेब हायत ते. दोन वर्षं झाली नांदेडला बदलून गेले. हितं असताना माझाच मेल फोनवर बघायचे. अजून बघायलेत. काल सगळे गेल्यावर 'पाठवलेले मेल' उघडून बघितले. माझ्या नावानं पत्रं गेलीत भाऊ, ह्या महिन्यातली. मी एक बी लिहिलेलं न्हाई."

"काय पत्रं?"

"लोकांचे अर्ज परत केलेत. कागदपत्रं अपुरी म्हणून."

त्यातला एक अर्ज मीच भरून दिला होता. कागद पूर्ण होते, एका दलालानं मागितलेले पैसे तेवढे दिले नव्हते. महिनाभर मी त्या कचेरीला शिव्या घालत होतो, आणि परत पाठवलेल्या पत्राखाली नाव होतं ह्या बाईचं. डोकं फिरलं. ओरडलो, "सही करायची न्हाई! फाडून टाक तो फॉर्म!"

"तुमचं काय जातंय वरडायला?" ती म्हणाली. "तुम्हाला कुठं नोकरी हाय?"

खरं होतं. सही केली तर ती पत्रं कायमची तिची. नाही केली तर सोमवारी मेल बंद, आणि कालच 'हाव' म्हणालेल्या बाईची चौकशी.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नांदेड. तिनं घेतला, माझ्यासमोरच. आवाज इतका गोड की बाहेर ऐकू येत होता. "महामायाबाई, त्या फॉर्मचं उगं मनावर घेऊ नका. सही करा, विषय संपवा. तुमची अनुकंपाची फाईल कुणी हलवली होती, आठवतं ना? जुन्या फाईली परत बी उघडतात."

"हाव साहेब," ती म्हणाली. फोन ठेवला. फॉर्मची खबर कचेरीतूनच कुणीतरी त्यांना दिली होती.

मी काही शिकवलं नाही, हे स्पष्ट लिहितो. लोक म्हणतील मी फूस लावली. तिनं घरी जाऊन स्वतःच्या अक्षरात लिहिलं. 'कॉम्प्युटर एक माझ्या टेबलावरचा. बाकी दोन इतर टेबलांवरचे, त्यांवर सर्वजण माझे खाते वापरत. नांदेडचा फोन माझा नाही. बुधवारी भीतीने हो म्हणाले, ते चुकीचे होते. पासवर्ड कॅलेंडरवर होता, ती चूक माझी.' जुन्या साहेबांचं नाव आणि सहा पत्रांच्या तारखा.

शुक्रवारी दहाला कचेरी उघडली तेव्हा तिनं पहिलं काम केलं ते सोळा वर्षं केलेलंच. शिक्का उचलला. पहिला ठसा दुहेरी उठला. दुसऱ्या प्रतीवर नीट मारला. रजिस्टरला चढवलं, आवक क्रमांक आठशे बारा, विषय, तारीख. मग कागद साहेबांपुढं ठेवला.

साहेबांनी वाचला. "अहो बाई, आधी मला दाखवायचं. आवकला घ्यायची काय गरज होती?"

"घेतलं साहेब. नंबर पडला."

शेषेराव मान खाली घालून बसले होते. नंबर पडलेला कागद फाडता येत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. आरती मॅडमची प्रत त्याच दिवशी रजिस्टर टपालानं लातूरला गेली.

सोमवारी तिचा मेल उघडला. यादीत आता एकच ओळ आहे. दुपारी मेलवरच चौकशीची नोटीसही आली, तिला आणि नांदेडला, दोघांना. संध्याकाळी ती आवकची प्रत दाखवायला आली. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला ज्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे, त्याच पिशवीत ठेवली आहे.

"मग पासवर्ड काय ठेवला?" मी चेष्टेनं विचारलं.

"भावाला बी सांगायचा न्हाई, मॅडमनी सांगितलंय," ती म्हणाली, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा हसली.

तिच्या पर्समधला फोन वाजायला लागला. तिनं नाव बघितलं, नांदेडचे साहेब. हसू गेलं. फोन मांडीवर उलटा ठेवला, वर हात ठेवला, आणि तो वाजायचा थांबेपर्यंत उचलला नाही.