शेजाऱ्यांच्या मुलाचं प्रमोशन

अमेरिकेत शुगर लँड गावातले आमचे अमेरिकन शेजारी माझ्या शाळकरी लेकीलाही 'येस, मॅम' म्हणतात. मशीननं लॉन कापून झालं, की कडेचं गवत गुडघ्यांवर बसून कात्रीनं कापतात. त्यांचा मुलगा लष्करात लेफ्टनंट होता. तो इराकमध्ये मारला गेला, तेव्हापासून काय बोलावं ते न सुचून मी त्यांना पाहिलं की घाईत असल्यासारखा गॅरेजमध्ये शिरायचो.

एकदा त्यांनीच मला कुंपणापाशी गाठलं. "मुलाला प्रमोशन मिळालं. कॅप्टन झाला."

मी पडलो आयटीतला. प्रमोशन दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाणाऱ्यालाच मिळतं, एवढीच माझी अक्कल. यांना आणखी एक मुलगा असणार असं ठरवून मी जोरात म्हणालो, "अभिनंदन! पार्टी कधी?"

त्यांनी अंगणातल्या ग्रिलकडे एकदा नजर टाकली. मग म्हणाले, "शनिवारी."

घरी बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, एकच मुलगा होता त्यांना! लढाईत गेलेल्यांना मागाहून वरचा हुद्दा देतात."

"मग अभिनंदन करायचं की सांत्वन?"

"मला काय विचारता?"

शनिवारी त्यांनी खरंच ग्रिल पेटवलं होतं. मी आठवडाभर माफी घोकून गेलो होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि पाहुण्यांना सांगितलं, "बाकी सगळे सॉरी म्हणाले. माझ्या कॅप्टनचं अभिनंदन फक्त यांनी केलं."

पण घोकलेलं तोंडातून निसटलंच. "आय ॲम सो सॉरी," मी म्हणालो.

खांद्यावरचा हात निघाला.

"आता तुम्हीही?" ते म्हणाले.