लातूरला काढलेली दाढ

बायको गेली त्याला अजून वरीस झालं न्हाई. लपवलेला आजार आता उघडा पडला, तर लोक म्हणतात कॅन्सरनं गेली. साफ खोटं. कॅन्सर कवाच बरा झाला होता.

लेकीच्या लग्नाआधी तिच्या घशात गाठ निघाली. नांदेडला शेक दिले, म्हणजे मशिनीखाली झोपवून किरणं सोडली. गाठ जिरली. पण तोंडातली लाळ आटली ती आटलीच. पाण्याच्या घोटाबिगर भाकर उतरंना, दात किडायले. डॉक्टरनं बजावलं होतं, "शेकलेल्या हाडाला रक्त कमी पोचतं. कितीही वर्षं जाऊ द्या, दाढ काढायची झाली तर आधी आम्हाला विचारा. जखम भरणार नाही." हे मी माझ्या कानानं ऐकलं.

आजार मात्र आम्ही लपवला. घरात कॅन्सर हाय म्हणल्यावर लेकीला कोण करून घेणार? आमच्या गावात, लोह्यात, टॉन्सिल सांगितलं. लेक लातूरला एका दुकानदाराच्या घरी दिली, तिथंबी टॉन्सिलच.

नातवाच्या बारशाला गेलो अन् बायकोची दाढ ठणकायली. विहीणबाई हसल्या, "जिलेबी बघून दाढ रुसली व्हय तुमची? चला, वळखीचा डॉक्टर हाय." त्यांनीच नेलं, शेजारी बसल्या. त्या दातांच्या डॉक्टरनं विचारलं, "आधी काही मोठा आजार? काही उपचार?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. शेजारी विहीणबाई. मी म्हणलं, "काय बी न्हाई. काढा तुमी."

दाढ सहज निघाली. खड्डा भरलाच न्हाई. आत हाड दिसायलं, तोंडाला वास मारायला, अन् एक दिवस मऊ भाताचा घास चावताना जबडाच मोडला.

लेकीला घेऊन नांदेड गाठलं. डॉक्टरनं तोंडात बत्ती मारली अन् तापला. "दाढ कुणी काढली? काही विचारलं नाही त्यानं?"

मी बोलायच्या आधी तीच बोबडं बोलली, "इचारलं हुतं सायेब. म्याच सांगितलं न्हाई."

डॉक्टर लई बोलला तिला. लेकबी बोलली, "आई, येवढं कळू नये का गं तुला?" मी भिंतीला टेकून पिशवीतले कागद चाळायलो.

मग खाणं तुटलं. पेज चमच्यानं घालायचो, अर्धी बाहेर यायची. वाळत वाळत गेली.

परवा लेक आली होती. फोटो पुसता पुसता म्हणली, "बाबा, आईनं त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर आज असती की न्हाई?"

मी म्हणलं, "हाव, असती."