म्यूटवर दिलेला शब्द

इथे आखातात, अल नहदाला राहायला आल्यापासून मी कावळ्यांकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. असतात, आहेत. पक्ष्यांना खायला घालू नका, दंड होईल, अशी नोटीस आमच्या लिफ्टमध्ये लावलेली आहे, तीही मी कधी धड वाचली नव्हती. अण्णा गेले आणि मला कावळे दिसायला लागले. सकाळी बसस्टॉपवर दिसायचे, देऱ्याला आमच्या ऑफिससमोर खाडीत उभ्या असलेल्या लाकडी गलबतांवर दिसायचे, आणि घरी यावं तर स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, एसीच्या डब्यावर एक बसलेलाच असायचा. तोच की दुसरा, कोण सांगणार?

अण्णा म्हणजे माझे वडील. चिपळूणजवळच्या आमच्या गावात असायचे, सोबत आई आणि माझा धाकटा भाऊ. त्यांचं आजारपण आणि आमचं कॅनडाचं काम नेमकं एकाच वेळी टोकाला आलं. कायमचं तिकडे राहता यावं म्हणून आम्ही अर्ज केला होता. परीक्षा, मेडिकल, पोलिसांचा दाखला असं एकेक करत शेवटी व्हिसाच्या शिक्क्यासाठी पासपोर्ट मागवले गेले. माझा, बायकोचा, मुलीचा, तिन्ही देऊन टाकले. त्याच आठवड्यात भावाचा फोन आला की अण्णांना दवाखान्यात ठेवलंय.

मी करामाला आमच्या कन्सल्टंटकडे धावलो. तो म्हणाला, "सर, पासपोर्ट अंदर है तब तक नो ट्रॅव्हल. वापस माँगोगे तो फाइल डिले होगी. थोडा रुको, इन्शाल्ला जल्दी खलास हो जाएगा."

दवाखान्यातून अण्णाही तेच म्हणाले. "साधा खोकला आहे. काम अर्धं टाकून येऊ नकोस." दर फोनला ते विचारायचे, कागदांचं काय झालं? मी म्हणायचो, चालू आहे. ते म्हणायचे, बरं. त्या माणसाला माझं जाणं हवं होतं की नको होतं, हे मला कधी कळलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्यात असलं काही विचारायची पद्धत नव्हती.

खोकला साधा नव्हता. पासपोर्ट परत द्या म्हणून मी अर्ज केला, तो पुढे सरकायच्या आत अण्णा गेले. अग्नी भावाने दिला. मी इथल्या सलूनमध्ये जाऊन डोकं भादरून आलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकाने हात हातात घेऊन विचारलं, "उमरा करून आलात? मुबारक हो." त्यांच्यात त्या यात्रेहून आलेले असंच डोकं भादरतात. खरं सांगायचं त्राण नव्हतं. मी थँक यू म्हणालो आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो.

दहाव्याला भावाने व्हिडिओ कॉल लावला. इथे आपला नेहमीचा कॉल लागत नाही, वेगळं ॲप घ्यावं लागतं, आणि त्यात चित्र मागेपुढे होतं. नदीकाठ, भटजी, केळीच्या पानावर पिंड. मी आंघोळ करून सोफ्यावर बसलो होतो, बायको शेजारी. आमच्या समोरच्या टॉवरचं काम चालू होतं, त्याची घरघर थेट नदीवर पोचत होती. काका खेकसले, "तुझ्याकडचा आवाज बंद कर रे, मंत्र ऐकू येत नाहीत." मी म्यूट केलं.

कावळे आले. करंजाच्या झाडावर बसले, खाली उतरले, पिंडाभोवती फिरले आणि परत झाडावर गेले. शिवेनात. भाऊ हात जोडून म्हणाला, "अण्णा, आईला अंतर देणार नाही." नाही. "कलमं तोडणार नाही, बाग आहे तशी ठेवीन." नाही. ऊन चढायला लागलं. माणसं सावलीला सरकली. कोणीतरी दर्भाचा कावळा करून शिवून घ्या म्हणालं. तेव्हा काका म्हणाले, "थांबा. थोरल्यात जीव अडकलाय त्याचा. फोन धरा पिंडाकडे." आणि मला म्हणाले, "बोल बाबा काहीतरी."

माझ्या स्क्रीनवर फक्त केळीचं पान आणि भाताचा गोळा. मी इंजिनिअर माणूस. कावळ्याला भूक लागली की खाईल, हे गावात चारचौघांत बोलून शिव्या खाल्लेला. पण त्या भाताकडे बघताना तोंडातून निघून गेलं, "अण्णा, मी नाही जात कॅनडाला. परत येतो. गावाला येतो."

कावळा शिवला. माझं वाक्य संपतंय न संपतंय तोच. काळं काहीतरी स्क्रीनवर झेपावलं, भात उधळला, "शिवला, शिवला" असा गलका झाला आणि फोन आभाळाकडे गेला. मग भावाचा ओला चेहरा दिसला. तो म्हणाला, "दादा, तू बोलत होतास का? म्यूटवर आहेस."

काकांनी सगळ्यांना सांगून टाकलं, नुसता थोरल्याचा फोन पुढे केला आणि शिवला बघा. मी काय बोललो ते कोणी विचारलंच नाही. ऐकलं होतं फक्त बायकोने, आणि ती उठून चहा ठेवायला गेली.

पुढे पासपोर्ट शिक्के मारून आले. अमुक तारखेच्या आत तिकडे पोचायचं, नाहीतर सगळं वाया. तिकिटं मी काढीना आणि बायको विचारीना. ती मुकाट्याने कपाटं आवरत होती. शेवटी मुलीनेच जेवताना विचारलं, "बाबा, आर वी गोइंग ऑर नॉट? आय नीड टू टेल माय फ्रेंड्स." मी तिच्यावर ओरडलो. का ओरडलो ते तिला कळलं नाही, ती ताट सोडून उठली. खिडकीबाहेर कावळा बसलेलाच.

मी स्वतःची समजूत किती परींनी घातली. चित्र मागून येत होतं, म्हणजे मी बोलायच्या आधीच तो तिकडे शिवला असणार. आवाज तर गेलाच नव्हता. म्यूटवर दिलेला शब्द म्हणजे न दिलेलाच. हिशेब चोख होता, पण एसीच्या डब्यावर नखं वाजली की तो पार विस्कटायचा. एका सकाळी दंडबिंड विसरून मी वाटीभर दहीभात खिडकीबाहेर ठेवला आणि हळूच म्हणालो, "अण्णा, आम्ही निघू का?" कावळा आला, खाऊन गेला. माझी चिडचिड झाली. असा कशालाही शिवणार असेल तर त्याला विचारायचं तरी काय?

मागे बायको उभी होती. मला वाटलं हसेल. ती खुर्ची ओढून बसली.

"अहो, तुम्ही त्या दिवशी जे बोललात, ते मी ऐकलंय."

"माहितीये."

"मग तिकिटं काढत नाही ते त्यामुळेच ना?"

"शब्द दिलाय मी."

"कुणाला? आवाज गेला नाही तुमचा."

"तू ऐकलास ना," मी म्हणालो. "कुणीतरी ऐकलाय. मोडला तर रोज तुझ्या तोंडाकडे बघायचंय मला."

तिने खिडकीबाहेरची रिकामी वाटी आत घेतली. मग म्हणाली, "मला पण तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही बोलत होतात ना, तेव्हा मी पण डोळे मिटून अण्णांशी बोलत होते. मनातल्या मनात."

"काय?"

"म्हटलं, अण्णा, यांना अडकवू नका. यांना जाऊ द्या. खूप केलंय हो आम्ही याच्यासाठी." तिचा आवाज फुटला. "आणि डोळे उघडले, तर शिवलेला."

समोरच्या टॉवरची घरघर चालू होती. पासपोर्ट फ्रिजवर होते. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. आता कोणाला विचारणार? ज्यांना विचारायचं, ते फोनवर असताना मी विचारलं नव्हतं.