जाऊबाईंचे दोन कीबोर्ड

आमच्या मोठ्या जाऊबाई टाइप करताना खिडकीबाहेर बघतात. समोरच्या इमारतीत कोण चादर झटकतंय, कोण गॅलरीत उभं राहून फोनवर भांडतंय, हे सगळं त्यांना दिसतं, आणि खाली बोटं आपलं काम करत राहतात. हेडफोन एकाच कानाला, डाव्या. त्या कानात एक्स-रे काढणाऱ्या तपासणी केंद्राचे डॉक्टर भराभर बोलत असतात: फुप्फुसं कशी, मणका कसा, खडा कुठे आणि केवढा. ते बोलतात, ह्या टाइप करतात, अहवाल केंद्राकडे जातो. उजवा कान मोकळा. तो कशासाठी, असं मी लग्न होऊन आले त्या वर्षी विचारलं होतं.

"तो कीबोर्डसाठी," त्या म्हणाल्या होत्या. "डावा ऐकतो, उजवा तपासतो."

ही त्यांची कामाची रीत. कळ पूर्ण दाबली गेली की खट् वाजतं. बोट अर्धवट पडलं तर खट् वाजत नाही, ओळीत एक भोक पडतं, आणि त्यांचं बोट विचारायला न थांबता मागे जाऊन ते भोक बुजवतं. त्यामुळे लिहून झाल्यावर वाचायची गरज नाही. वाचायचा त्यांना रागच. "परत वाचून बघतात ते शिकाऊ," असं टायपिंगच्या क्लासमधल्या बाईंनी त्यांना कधीकाळी सांगितलं होतं, आणि जाऊबाईंनी ते मंगळसूत्रासारखं सांभाळलं.

खट् वाजणारा तो कीबोर्ड विमा कंपनीतला. तिथं त्या नोकरीला होत्या. कंपनीनं सगळे जुने कॉम्प्युटर मोडीत काढले, त्याच सुमारास ह्याही बाहेर पडल्या. निरोपाला साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. ह्या म्हणाल्या, घड्याळ राहू द्या, माझा कीबोर्ड द्या. साहेबांना वाटलं बाई भावुक झाल्यात. बाई भावुक नव्हत्या. चांगली वस्तू भंगारात जाताना त्यांना बघवत नव्हतं, एवढंच.

काय त्याचं वजन! एका हातानं उचलायला गेलं तर मनगट कुरकुरायचं. रंग एके काळी पांढरट राखाडी असावा, आता दूध जास्त झालेल्या चहासारखा. मागे टेलिफोनला असते तशी पिळाची वायर. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. दुपारी खालून तो आवाज सुरू झाला की माझे सासरे म्हणायचे, "सूनबाईंचा कारखाना लागला."

गेल्या वर्षी कारखाना बिघडला. आधी मधल्या काही कळा मऊ पडल्या, मग मेल्याच. उचलून हलवला की आत काहीतरी खुळखुळायचं. जाऊबाईंच्या मुलानं, तो परगावी असतो, आईला न विचारता एक नवा कोरा कीबोर्ड कुरियरनं पाठवला. जुन्याचीच नक्कल. हल्ली असे मुद्दाम जुन्यासारखे बनवतात म्हणे, आत तशीच स्प्रिंग, तसाच आवाज. बाहेरून बघितलं तर धाकटा भाऊ शोभावा. फक्त अंगानं हलका, वायर सरळ आणि बारीक, कोपऱ्यात एक निळा दिवा, आणि जुन्यात नव्हत्या अशा दोन-तीन जादा कळा. जाऊबाईंनी दिव्यावर चिकटपट्टी लावली आणि कामाला बसल्या.

त्याच आठवड्यात भाऊजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांचं. त्यांना काही दिवस काळा चष्मा आणि पडद्याकडे बघायची बंदी. एरवी अहवाल टाइप करायचं काम जाऊबाईंचं आणि ते केंद्राकडे पाठवायचं काम भाऊजींचं, अशी वाटणी होती. त्या दिवसांत जाऊबाईच पाठवू लागल्या.

मग केंद्रातून फोन आला. तिथली व्यवस्था बघणारी बाई जाऊबाईंना टाइपकाकू म्हणते, पण त्या दिवशी नुसतं "मॅडम" म्हणाली. एका अहवालात मूत्रपिंडातल्या खड्याच्या मापातला एक आकडाच गायब होता. मोठा खडा कागदावर खसखशीएवढा झाला होता. डॉक्टरांच्या लक्षात आलं म्हणून बरं. शिवाय इतरत्र अक्षरं गळलेली, एका ठिकाणी तर शब्दच अर्धा. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे द्यावं लागेल, असं तिनं गोड आवाजात सांगितलं.

जाऊबाईंनी फोन ठेवला आणि नव्या कीबोर्डकडे बघितलं. सवतीकडे बघावं तसं.

"ह्याचंच काम," त्या मला म्हणाल्या. "हा आधी वाजतो आणि अक्षर मागून येतं. कधी येतच नाही. नुसता आवाज करायला शिकलाय मेला."

"अहो, पण वाजला की अक्षर उमटतंय," मी दाबून बघत म्हणाले.

"तुझं बोट सावकाश पडतं. माझ्या वेगात बघ."

वेगाचं मी काय बघणार! पण त्यांना हे ठरवायचंच होतं, की चुकतंय ते यंत्र चुकतंय, आपण नाही. काम गेलं असतं तर घर काही बंद पडलं नसतं. भाऊजींची पेन्शन आहे. पण आपल्या हातून बिनचूक काम जातं, ही एकच गोष्ट जाऊबाईंनी आयुष्यात स्वतःबद्दल ठामपणे सांगितली आहे. स्वयंपाक बरा करते, गाणं ऐकवत नाही, पण अहवाल माझा बघायला लागत नाही.

जुना दुरुस्त करायचं ठरलं. दुरुस्त करणारा सापडला तो दातांचा डॉक्टर. आमच्या गल्लीच्या टोकाला त्याचा दवाखाना. माणसाला जुने कीबोर्ड जमवायचा नाद. आतल्या खोलीत, जिथं दातांचे साचे ठेवतात, त्याच मांडणीवर कीबोर्ड उभे करून ठेवलेले. जाऊबाईंचा कीबोर्ड त्यानं हातात घेतला तो तान्हं मूल घ्यावं तसा, खाली हात घालून.

"काकू, ह्याचे दात हलतायत," तो म्हणाला. उघडून त्यानं दाखवलं. आत लोखंडी पत्रा आणि त्याला धरून ठेवणारे प्लास्टिकचे बारीक खिळे. वर्षानुवर्षं ठोकून ते खिळे तुटले होते, त्यामुळे पत्रा सैल. खुळखुळत होते ते तेच तुकडे. तो सगळे जुने खिळे कापून, दात कोरायच्या मशीननंच भोकं पाडून, छोटे बोल्ट बसवणार होता.

"आणि नवा?" जाऊबाईंनी विचारलं. तोही त्यांनी सोबत नेला होता, तक्रार करायला. "तो खोटं वाजतो."

डॉक्टरनं एक कळ हळूहळू, चिमटीत धरल्यासारखी खाली नेली. "नाही हो. बघा, स्प्रिंग दाबत जाते, दाबत जाते, आणि मग एकदम बाजूला वाकते. ते वाकणं म्हणजेच खट्. आणि त्याच क्षणी अक्षर. जुन्यात तेच, नव्यातही तेच. नव्याचा पत्रा पातळ आहे, म्हणून घुमत नाही तेवढा. काम सारखंच."

"तू दातांचा डॉक्टर," जाऊबाई म्हणाल्या. त्यानं हसून मान डोलावली. पेशंटांचं बोलणं अंगाला लावून न घेण्याची सवय त्याला धंद्यामुळेच असावी.

परत येताना जाऊबाई पुढे गेल्या. भाऊजी काळा चष्मा लावून जिन्यात उभे होते, रेलिंगला धरून.

"काय म्हणाला?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"नव्यात दोष नाही म्हणाला."

"नसणारच." त्यांनी दाराकडे एकदा बघितलं. "अगं, मी पाठवायच्या आधी वाचत होतो."

"म्हणजे?"

"वाचायचो आणि भरायचो. गळलेलं. आधी एखाददुसरं असायचं, आता पानागणिक असतं. ऑपरेशनमुळे मी थांबलो, आणि केंद्रातल्यांना दिसलं."

"जाऊबाईंना माहीत नाही?"

"तिला माहीत असतं तर तिनं मला हात लावू दिला असता का?" ते म्हणाले. "टीव्हीचा आवाज बघितलास ना किती मोठा असतो? चष्मा निघाला की मी परत बघीन सगळं. तू काही बोलू नकोस."

मी बोलले नाही. माझ्या बोलण्यानं कोणाचं भलं झालं असतं, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

बोल्ट बसवून झाल्यावर डॉक्टर स्वतः कीबोर्ड घेऊन घरी आला. खूश होता. टेबलावर जुना आणि नवा शेजारी शेजारी मांडले, मोठा भाऊ आणि धाकटा, आणि चहा घेता घेता त्याला गंमत सुचली.

"काकू, तुम्ही म्हणता आवाजात फरक आहे. मग पाठ करून बसा. मी एकेक वाजवतो. तुम्ही सांगा, कुठला."

"झोपेत सांगीन," जाऊबाई म्हणाल्या आणि खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसल्या.

डॉक्टरनं जुन्यावर एक ओळ वाजवली. मला तर बघायचीही गरज नव्हती. जुन्याच्या खट्मागे एक बारीक झणत्कार असतो, सुरी पत्र्यावर ठेवल्यासारखा, आणि तो जरा रेंगाळतो. नव्याचा आवाज कोरडा, लगेच मिटतो.

"नवा," जाऊबाई म्हणाल्या.

डॉक्टर माझ्याकडे बघून हसला. मग नवा वाजवला.

"हा... हाही नवा. फसवतोस होय रे?"

पुन्हा जुना. ह्या वेळी त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मान किंचित वाकडी केली, उजवा कान पुढे आणला. भाऊजी सतरंजीची शिवण बघत बसले होते.

"नवा," त्या म्हणाल्या. "नाही, थांब. परत वाजव."

त्यानं वाजवला.

"पुरे," जाऊबाई म्हणाल्या आणि वळल्या.

"बघा!" डॉक्टरनं टाळीच दिली टेबलाला. "तुमच्यासारख्या जुन्या जाणत्या माणसाला ओळखता येत नाही! म्हणजे नक्कल किती उत्तम झालीये! मी मंडळींना सांगतो आमच्या." जुन्या कीबोर्डवाल्यांचं त्यांचं एक मंडळ असतं. तो आनंदात चहा संपवून, जिना दणदणत उतरून गेला. खोलीत काय झालं हे त्याला कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं.

जाऊबाईंनी कपबशा गोळा केल्या. मग मला विचारलं, "तुला कळत होतं?"

"हो."

"दर वेळी?"

"हो जाऊबाई."

त्यांनी कपबशा परत खाली ठेवल्या. जुन्या कीबोर्डच्या एका कळेवर बोट ठेवलं, दाबलं, सोडलं. परत दाबलं. बोटाला कळत असणार, स्प्रिंग वाकलेली. मग भाऊजींकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनी जे वाचायचं ते वाचलं असावं, कारण प्रश्न सरळच आला.

"तुम्ही माझे अहवाल वाचत होतात?"

"हो."

"केव्हापासून?"

"झाली दोन-अडीच वर्षं."

"आणि दुरुस्त करत होतात."

"थोडंसंच गं. एखादं अक्षर..."

"थोडंसं!" जाऊबाईंचा आवाज चढला. "मी लोकांना सांगत फिरते, माझं बघायला लागत नाही, आणि घरात बसून तुम्ही बघताय! मला सांगायला काय झालं होतं? जीभ झडली होती?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतंस तू."

"ते मी ठरवलं असतं!"

मी वर निघून आले. खालून त्या दिवशी कसलाच आवाज आला नाही, ना कारखान्याचा, ना टीव्हीचा.

दुसऱ्या दिवशी त्या कानाच्या डॉक्टरकडे गेल्या, एकट्याच. कानाशी आलेलं बोलणं नीट ऐकू येतंय, बारीक टोकदार आवाज तेवढे गेलेत, ते असे हळूहळू जातात की ज्याचे जातात त्याला पत्ता नसतो, असं त्यानं सांगितलं. म्हणूनच डाव्या कानातले डॉक्टर त्यांना स्वच्छ ऐकू येत होते, आणि कुठलं खट् वाजलंच नाही, हे मात्र उजव्याला कळत नव्हतं. कानाचं मशीन त्यांनी आणलं. पण ते लावलं की चमचा पडला तरी भांडं फुटल्यासारखं वाटतं, म्हणून ते बहुतेक वेळ डबीतच असतं.

त्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडून आल्यावर त्यांनी केंद्रात फोन लावला. मी भाजी निवडत तिथंच बसले होते.

"चूक कीबोर्डची नव्हती, माझी होती," त्या म्हणाल्या. "माझा कान गेलाय. इतके दिवस आमचे हे वाचून पाठवत होते म्हणून तुम्हाला कळलं नाही. मलाही आत्ताच कळलंय."

पलीकडून ती बाई बराच वेळ बोलली. जाऊबाई "बरं", "बरं" म्हणत राहिल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "मोठे स्कॅन दुसऱ्यांना. साधे एक्स-रे आपल्याकडे. तेही दोघांनी वाचून."

"निम्मं तरी राहिलं," मी म्हणाले.

"निम्मं गेलं," त्या म्हणाल्या. रडल्याबिडल्या नाहीत. जुना कीबोर्ड पिशवीत घालून दातांच्या डॉक्टरकडे देऊन आल्या. "तुझ्याकडे ऐकणारे येतात, ठेव," एवढंच म्हणाल्या म्हणे. मी विचारलं, एवढा दुरुस्त केलेला का दिलात? तर म्हणाल्या, "माझ्या बोटांना दोन्ही सारखेच. आणि हा पुसायला हलका."

आता टेबलापाशी दोन खुर्च्या असतात. भाऊजींचा काळा चष्मा गेला, वाचायचा आला. ते मोठ्यानं वाचतात, बातम्या दिल्यासारखे, आणि फुप्फुसाच्या आवरणाचं लॅटिन नाव आलं की अडखळतात.

"अहो, घाई नाही. नीट," जाऊबाई म्हणतात. "आणि मनातल्या मनात भरायचं नाही. बोट ठेवायचं आणि मला सांगायचं."

परवा मी गेले तेव्हा हेच चाललं होतं. भाऊजींनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथं एक राहिलंय."

"दिसलं. पुढे वाचा."

"आधी ते भर," भाऊजी म्हणाले.

जाऊबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि भरलं.