पाण्याचं पाचारण

हेब्बाळच्या आमच्या इमारतीचं पाणी बरीच वर्षं मीच बघत होतो. टँकर कधी मागवायचा, बोअरवेलची मोटर किती वेळ चालवायची, कोणाच्या नळाला दाब कमी येतो, सगळं. कोणी नेमलं नव्हतं. कोणी करत नव्हतं म्हणून मी करू लागलो. माझ्या समजुतीप्रमाणे हेच माझं पाचारण होतं. देव काहींना उपदेश करायला बोलावतो, तसं काहींना टाकीत डोकवायलाही बोलावत असेल. हे मी मोठ्याने कधी म्हटलं नाही.

मग नागपूरचा एक आयटीतला तरुण पहिल्या मजल्यावर राहायला आला. आमच्याच चर्चच्या मराठी मंडळीतला. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत साक्ष द्यायला उभा राहिला आणि म्हणाला, "प्रभूने माझ्या मनावर आपल्या बिल्डिंगच्या पाण्याचं ओझं ठेवलं आहे."

दोघीतिघींनी डोळे पुसले. पाळक म्हणाले, "याला म्हणतात पाचारण!"

मी बायकोकडे पाहिलं. तिने गीतांचं पुस्तक तोंडापुढे धरलं होतं, पण खांदे हलत होते.

घरी आल्यावर म्हणाली, "ओझं कोणावर आहे ते तुमच्या गुडघ्यांना विचारायचं होतं त्याने."

"हसू नकोस."

"मग तुम्हीही द्या की साक्ष."

"कसली? टँकर उशिरा आला याची?"

त्याची योजना अशी होती: गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून तळटाकीत घ्यायचं, आणि जास्तीचं पाणी बागेत खड्डा खणून बोअरवेलजवळ मुरवायचं. त्याने सगळी आकडेमोड रहिवाशांच्या ग्रुपवर टाकली. लोकांनी अंगठे दिले, हात जोडले. माझ्या टँकरच्या निरोपांवर कधी एक अंगठा आला नव्हता.

मी आकडे तपासायला बसलो, ते चूक सापडावी म्हणूनच. नोकरीतही मी दुसऱ्यांचे हिशेबच तपासतो. चूक सापडली, पण उलट्या बाजूची. त्याने फक्त गच्ची धरली होती. पार्किंगवरचं पत्र्याचं छप्पर राहून गेलं होतं. पत्रे बदलले तेव्हा ते मीच मोजलं होतं. ते धरलं तर पाणी जवळजवळ दीडपट होत होतं.

रविवारी रहिवाशांची बैठक झाली. अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावरचे कन्नडभाषक अण्णा. ते म्हणाले, "एवढ्याशा पाण्यासाठी सगळी बाग खणायची? स्वल्प, थोडा विचार करा." माना हलल्या. तरुणाचा चेहरा उतरला. मग अण्णा माझ्याकडे वळले. "सर, पाणी तुमचं खातं. तुम्ही सांगा, आकडे बरोबर आहेत का?"

"बरोबर आहेत" एवढंच म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. त्याने लिहिलेला प्रत्येक आकडा बरोबर होता. योजना तिथेच पडली असती आणि पाणी माझ्याकडे राहिलं असतं. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांनी पुन्हा टँकरची वाट पाहिली असती.

"हिशेब अपुरा आहे," मी म्हणालो. तरुणाने दचकून पाहिलं. मी छपराची मापं सांगितली, पाणी किती वाढेल तेही सांगितलं. हात वर झाले.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. "मग ज्याची योजना, त्याच्याकडेच पाणी देऊ या. सरांनी खूप केलं." टाळ्या वाजल्या, निवृत्त होणाऱ्यासाठी वाजवतात तशा.

तरुण धावत आला. "काका, तुम्ही आराम करा न आता!"

पुढच्या शुक्रवारी त्याने तीही साक्ष दिली. प्रभू ऐन वेळी काकांच्या मुखातून बोलला म्हणे. म्हणजे छपराच्या हिशेबात माझं होतं ते फक्त मुख. तेवढ्यात पाळकांनी मलाच पुढे बोलावलं. "याच्या डोक्यावर हात ठेवून तुम्हीच प्रार्थना करा."

हात ठेवला. गोड शब्द येईनात. मग जे येत होतं तेच म्हणालो. "प्रभू, गाळणी वेळच्या वेळी धुवायची याला आठवण दे. सुरुवातीचं गढूळ पाणी टाकीत जाऊ देऊ नकोस. टँकरवाला फोन उचलत नाही, त्याच्या भावाला लावावा लागतो, हे याला समजू दे. आणि पूर्वेकडच्या पाइपाचा जोड कच्चा आहे, तो याने आधी बदलावा."

कोणीतरी खुदकन हसलं. माझ्या तळव्याखाली त्याचं डोकं प्रत्येक वाक्याला हलत होतं. डोळे न उघडता त्याने हळूच विचारलं, "काका, गच्चीवरचा जोड, की खालचा?"

"खालचा," मी म्हणालो, आणि मग आमेन म्हटलं.